ऑनलाइन खेळनिर्मितीसाठी पहिल्या प्रोग्रामिंग भाषेची निवड

ऑनलाइन खेळ तयार करण्याच्या उद्देशाने संगणक-आज्ञावली लिहिण्यास सुरुवात करणाऱ्या व्यक्तीने प्रथम कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकावी, हा संगणक-शिक्षणातील एक बहुचर्चित प्रश्न आहे. जावास्क्रिप्ट, पायथन, सी शार्प, सी++, जावा आणि गोडो या खेळ-इंजिनाची जीडीस्क्रिप्ट ही भाषा यांची नावे या संदर्भात प्रामुख्याने घेतली जातात. या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही. कोणत्या प्रकारचा खेळ करावयाचा आहे, हाताशी कोणते उपकरण आहे, अभ्यासक्रमात कोणती भाषा आहे आणि खेळ कोणत्या लिपीत दाखवायचा आहे, यांवर उत्तर बदलते. महाराष्ट्रात, विशेषतः रत्नागिरीसारख्या महानगरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात, यांपैकी शेवटच्या तीन बाबींचे वजन पहिलीपेक्षा कमी नसते.

ऑनलाइन खेळाची रचना

एकट्याने खेळावयाच्या संगणकीय खेळाची सर्व आज्ञावली खेळाडूच्या उपकरणावरच चालते. ऑनलाइन खेळाचे मात्र दोन भाग असतात. एक भाग खेळाडूच्या मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये (न्याहाळकात) चालतो. तो चित्रे व आवाज सादर करतो आणि खेळाडूच्या हालचाली टिपतो. दुसरा भाग सर्व्हरवर चालतो. तो सर्व खेळाडूंची स्थिती जुळवून ठेवतो. पहिल्या भाषेची चर्चा बहुधा केवळ पहिल्या भागाभोवती फिरते आणि दुसऱ्या भागाचा विचार खेळ अर्धा झाल्यावर सुरू होतो. नवशिक्यांचे अनेक प्रकल्प नेमके याच टप्प्यावर थांबतात.

महाराष्ट्रात संतपरंपरेशी जोडल्या गेलेल्या मोक्षपटाचे, म्हणजे आजच्या सापशिडीच्या पूर्वरूपाचे, उदाहरण घेता येईल. हा खेळ दोन मोबाइलांवर एकमेकांविरुद्ध खेळावयाचा असल्यास पट काढणे, सोंगटी सरकवणे आणि साप व शिड्यांची घरे लक्षात ठेवणे हे काम कोणत्याही भाषेत एक-दोन आठवड्यांत जमण्यासारखे आहे. खरा प्रश्न कवड्या किंवा फासा कोणी टाकावा हा असतो. फाशाचा आकडा खेळाडूच्या उपकरणावर ठरत असेल, तर आज्ञावलीत फेरफार करून दरवेळी सहा पाडणे कठीण नाही. ब्राउझरमध्ये चालणारी आज्ञावली तर कोणालाही उघडून वाचता येते. म्हणून फासा सर्व्हरने टाकायचा आणि खेळाडूच्या उपकरणाने केवळ ‘मला फासा टाकायचा आहे’ एवढी विनंती पाठवायची, अशी पद्धत रूढ आहे. निर्णयाचा अधिकार सर्व्हरकडे ठेवण्याचे हे तत्त्व मोठ्या स्पर्धात्मक खेळांतही तितकेच लागू पडते. ज्या भाषेत उपकरण आणि सर्व्हर अशा दोन्ही बाजू लिहिता येतात, त्या भाषेतून हे तत्त्व लवकर कळते.

ऑनलाइन खेळांचे पाळीपाळीने खेळावयाचे (बुद्धिबळ, लुडो, पत्ते) आणि सलग गतीने खेळावयाचे (शर्यत, नेमबाजी) असे दोन ढोबळ वर्ग पडतात. पहिल्या वर्गात एखादा संदेश अर्धा सेकंद उशिरा पोहोचला तरी बिघडत नाही. दुसऱ्या वर्गात पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलत असल्यास प्रत्येक चित्रास सुमारे १७ मिलिसेकंदच मिळतात आणि तेवढ्या अवधीत संदेशांची ये-जा बहुधा होत नाही. त्यामुळे उपकरणाने पुढची स्थिती अंदाजाने दाखवायची आणि सर्व्हरचा निर्णय आल्यावर ती दुरुस्त करायची, असे तंत्र वापरावे लागते. हे तंत्र नवशिक्याला अवघड वाटते आणि ही अडचण भाषा बदलून सुटत नाही.

पार्श्वभूमी

अनेक खेळाडूंनी जाळ्यावरून एकत्र खेळावयाच्या आरंभीच्या खेळांपैकी ‘मड’ हा मजकुरावर आधारित खेळ १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला व रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेला. त्याची पहिली आवृत्ती यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत होती. नंतर ती बीसीपीएल या भाषेत लिहिली गेली.

भारतात १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यांवर बेसिक ही भाषा होती. व्यावसायिक खेळनिर्मिती मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाली. मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी इंडियागेम्स आणि नितीश मित्तरसेन यांनी नझारा टेक्नॉलॉजीज या कंपन्या सुरू केल्या. पुढील दशकात भारतीय मोबाइल खेळांचा मोठा भाग जावाच्या मोबाइल आवृत्तीत लिहिला जाई, तर ब्राउझरमधील खेळ फ्लॅशवर चालत. आज दोन्ही मार्ग बंद झाले आहेत. अँड्रॉइड आल्यावर जावाचे जुने मोबाइल खेळ निरुपयोगी झाले, आणि अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा थांबवला. फ्लॅशची अ‍ॅक्शनस्क्रिप्ट शिकलेल्यांना जावास्क्रिप्टकडे वळणे तुलनेने सोपे गेले, कारण दोन्ही भाषांचा पाया एकाच मानकाचा आहे.

अलीकडच्या काळात नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीचा ‘लुडो किंग’ (२०१६) हा पाळीपाळीने खेळावयाचा खेळ २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा खेळ अनरियल इंजिनावर तयार झाला. तो एकट्याने खेळावयाचा असला, तरी जटिल त्रिमितीय खेळ महाराष्ट्रातील लहान चमूला तयार करता येतो, याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

प्रमुख भाषा

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत सुमारे दहा दिवसांत तयार केली. नावात साम्य असले तरी जावा या भाषेशी तिचा थेट संबंध नाही. हा गैरसमज अजूनही इतका सर्रास आढळतो की, जावाच्या शिकवणीला नाव नोंदवून जावास्क्रिप्टची अपेक्षा करणारे विद्यार्थी विरळा नाहीत. या भाषेसाठी वेगळे काही स्थापित करावे लागत नाही. ब्राउझर पुरेसा असतो. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड.जेएस तयार केल्यापासून हीच भाषा सर्व्हरवरही चालते. २०११ मध्ये ब्राउझरमधील त्रिमितीय चित्रणाचे वेबजीएल आणि सतत खुल्या जोडणीचे वेबसॉकेट ही दोन्ही मानके प्रसिद्ध झाली. त्यामुळे पूर्ण ऑनलाइन खेळ एकाच भाषेत लिहिणे शक्य झाले. द्विमितीय खेळांसाठी रिचर्ड डेव्ही यांचे फेझर (२०१३) हे मुक्तस्रोत साधन प्रचलित आहे. तयार झालेला खेळ केवळ दुवा पाठवून दुसऱ्याला खेळायला देता येतो, हा या भाषेचा शिकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ आहे. मित्राने खेळून सांगितलेली चूक पुस्तकातील दहा उदाहरणांपेक्षा अधिक शिकवते.

भाषेचे दोषही ठळक आहेत. अंक आणि मजकूर यांची ती न विचारता सरमिसळ करते, त्यामुळे ५ या अंकात ‘५’ हे अक्षर मिळवले असता बेरीज न होता ‘५५’ हा मजकूर मिळतो. गुणांची बेरीज चुकण्याचे हे नेहमीचे कारण आहे. टाइपस्क्रिप्ट (२०१२) या विस्तारित भाषेने अशा अनेक चुका आधीच पकडता येतात. दुसरी मर्यादा जाळ्याची आहे. वेबसॉकेट ज्या टीसीपी पद्धतीवर चालते, तीत एक संदेश हरवला की मागचे सर्व संदेश तो पुन्हा येईपर्यंत थांबतात. लुडोत हे जाणवत नाही, शर्यतीच्या खेळात मात्र गाडी जागीच गोठते.

गोडो हे खेळ-इंजिन अर्जेंटिनातील हुआन लिनिएट्स्की व एरिएल मान्झूर यांनी विकसित केले आणि २०१४ मध्ये ते मुक्तस्रोत झाले. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा मांडणीने पायथनसारखी आहे. इंजिन आकाराने लहान असून जुन्या संगणकावरही चालते. त्याचा संपादक अँड्रॉइडवरही उपलब्ध आहे. जीडीस्क्रिप्ट गोडोबाहेर कोठेही उपयोगी पडत नाही, हा तिच्यावरील नेहमीचा आक्षेप आहे. तो खरा असला, तरी पहिल्या भाषेतून पुढे जाते ते मुख्यतः चल, अट, पुनरावृत्ती, फल आणि घटना यांचे आकलन. त्यामुळे या आक्षेपाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व मिळते.

सी शार्प ही मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये जाहीर केलेली भाषा युनिटी या इंजिनामुळे (२००५) खेळनिर्मितीत रूढ झाली. मोबाइल खेळांच्या क्षेत्रात युनिटीचा वापर फार मोठा आहे आणि नोकरीच्या दृष्टीने या भाषेला मागणी आहे. मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने खेळ स्थापित होण्याच्या संख्येवर शुल्क आकारण्याची घोषणा केली. तीव्र विरोधानंतर वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती रद्द करण्यात आली. या काळात अनेक लहान निर्मात्यांनी गोडोकडे मोर्चा वळवला. भाषेबरोबर आपण एखाद्या कंपनीच्या अटीही स्वीकारत असतो, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले.

पायथन (१९९१) वाचण्यास सोपी असल्याने शिक्षणात अग्रस्थानी आहे. पायगेम या साधनाने द्विमितीय खेळ करता येतात, परंतु ते मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये पोहोचवणे जिकिरीचे असते. सर्व्हरच्या बाजूस तिचा उपयोग चांगला होतो. आइसलँडमधील सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ (२००३) हा हजारो खेळाडूंचा खेळ पायथनच्या स्टॅकलेस या रूपावर उभा राहिला.

सी++ ही मोठ्या इंजिनांची भाषा आहे. अनरियल तीतच लिहिलेले आहे. वेग आणि स्मृतीवरील नियंत्रण यांसाठी तिला पर्याय कमी आहेत, पण पहिला ऑनलाइन खेळ लिहिणाऱ्यास या दोहोंची गरज क्वचितच भासते. जावात ‘माइनक्राफ्ट’ची मूळ आवृत्ती लिहिली गेली आणि त्या खेळात बदल करू इच्छिणाऱ्यांसाठी जावा आजही स्वाभाविक निवड ठरते. रोब्लॉक्सवर खेळ करणारे लुआ या ब्राझीलमध्ये जन्मलेल्या भाषेचे लुआउ हे रूप वापरतात. लहान मुलांसाठी एमआयटीची स्क्रॅच (२००७) ही ठोकळे जोडून वापरावयाची भाषा आहे.

रत्नागिरीतील परिस्थिती

रत्नागिरी शहरात शासकीय तंत्रनिकेतन, फिनोलेक्स अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी आणि १९४५ मध्ये स्थापन झालेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय या संस्था आहेत. शेवटच्या दोन मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. खेळनिर्मितीत रस असलेल्या विद्यार्थ्याची पहिली भाषा प्रत्यक्षात तो निवडत नाही; ती अभ्यासक्रम निवडतो. तंत्रनिकेतनांतील संगणक शाखेत आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात दीर्घकाळ सी ही भाषा प्रथम शिकवली जात आली आहे. जावा व पायथन नंतरच्या सत्रांत येतात. उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकशास्त्र विषयात सी++ आहे, तर माहिती तंत्रज्ञान या विषयाच्या २०१९ नंतरच्या पाठ्यपुस्तकांत एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी यांचा समावेश आहे. म्हणजे ऑनलाइन खेळास लागणारे साहित्य विज्ञान शाखेच्या संगणकशास्त्रापेक्षा कला व वाणिज्य शाखेतही घेता येणाऱ्या विषयात अधिक आहे. ही बाब पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

सी आणि सी++ च्या शिक्षणात एक अडचण राज्यभर सारखीच आढळते. अनेक प्रयोगशाळांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचे टर्बो सी++ हे साधन कित्येक वर्षे वापरात राहिले. त्याच्या निळ्या पडद्यावर विद्यार्थी गाडीची किंवा सापाची छोटी चित्रकृती करतात आणि ती अनेकांची पहिली गेम ठरते. परंतु त्यातील आलेखन-आज्ञा आधुनिक साधनांत चालत नाहीत. तेथील सी++ ची शीर्षक-संचिका लिहिण्याची पद्धतही १९९८ च्या मानकाने बाद ठरवली आहे. जाळ्यावरून संदेश पाठवण्याची सोय तर तेथे व्यवहारतः नाहीच. भाषा उत्तम असूनही साधन जुने असल्यास विद्यार्थी ऑनलाइन खेळापासून दूरच राहतो.

दुसरी बाब उपकरणाची. घरात संगणक नसून केवळ मोबाइल असणे ग्रामीण भागात सामान्य आहे. अनरियल इंजिनासाठी संगणकावर अनेक दशक गिगाबाइट जागा लागते, युनिटीसाठीही कित्येक गिगाबाइट लागतात. याउलट गोडोचा संपादक शंभर-दीडशे मेगाबाइटच्या आसपास आहे आणि जावास्क्रिप्टसाठी साधा मजकूर-संपादक पुरतो. मोबाइलच्या मर्यादित विद्यावर एकदा उतरवून घेतलेले साधन पुढे जाळ्याविना चालते का, हेही पाहावे लागते. कोकणात पावसाळ्यात वीज व जाळे खंडित होणे नवे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील अनेक गावे दीर्घकाळ वीज व दूरध्वनीविना होती. केवळ जाळ्यावर चालणाऱ्या संपादकांवर विसंबून अभ्यास करणाऱ्यास ही अडचण प्रथम जाणवते. स्वतःच्या संगणकावरच सर्व्हर आणि दोन ब्राउझर चालवून खेळ तपासता येणे हा यावरील उपाय आहे, आणि नोड.जेएस, पायथन व गोडो या तिन्हींत तो शक्य आहे.

जाळ्याच्या विलंबाबाबत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. रत्नागिरी ते मुंबई हे अंतर रस्त्याने सुमारे ३३० किलोमीटर आहे, म्हणजे तेवढ्या लांबीच्या तारेतून जाण्यास संदेशाला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. सिंगापूरमधील सर्व्हर निवडल्यास, मुंबईपासूनचे सुमारे ३,९०० किलोमीटर अंतर धरता, एकेरी प्रवासासच २० मिलिसेकंद जातात. प्रत्यक्षात केबलचा मार्ग वळणाचा असल्याने त्याहून अधिक वेळ लागतो. अ‍ॅमेझॉनच्या मेघसेवेचा मुंबई विभाग २०१६ पासून उपलब्ध आहे. परंतु डोंगरउतारावरील गावात मोबाइल मनोऱ्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात होणारा विलंब व संदेशगळती या सर्वांहून मोठी असते. म्हणून येथे राहून शिकणाऱ्याने पहिला खेळ पाळीपाळीचा निवडणे व्यवहार्य ठरते, आणि तसा निर्णय झाला की भाषेच्या वेगाचा मुद्दा जवळजवळ निकाली निघतो.

मतभेद

एका मतानुसार सुरुवात सी किंवा सी++ पासून करावी, कारण स्मृती, पत्ते आणि विदासंरचना एकदा समजल्या की इतर भाषा सहज येतात. दुसऱ्या मतानुसार नवशिक्याची उमेद टिकणे महत्त्वाचे असून पडद्यावर लवकर काहीतरी हलणारी भाषा हवी. पहिल्या मताचे वजन परीक्षा आणि मुलाखतींत दिसते. मात्र ऑनलाइन खेळाच्या संदर्भात दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पाया महत्त्वाचा नाही, असा याचा अर्थ नाही. दोन उपकरणांतील संवाद, चुकीचा संदेश आणि तुटलेली जोडणी या गोष्टीही पायाचाच भाग आहेत आणि त्या सी च्या पहिल्या वर्षात येत नाहीत. अभ्यासक्रमात सी असताना फावल्या वेळात जावास्क्रिप्ट किंवा गोडो हाताळणे हा मार्ग अनेक विद्यार्थी स्वीकारतात. याउलट एकाच वर्षी तीन-चार भाषांच्या शिकवण्या लावणे खर्चिक असते आणि त्यातून एकही खेळ पूर्ण होत नाही.

रोजगाराचा विचार करताना कायद्यातील बदलही लक्षात घ्यावा लागतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. ई-क्रीडा व सामाजिक खेळांना मात्र मान्यता दिली. त्यानंतर मुंबईतील ड्रीम११ सह अनेक मंचांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. विद्यार्थ्याने हौसेने केलेल्या रमीत किंवा तीनपत्तीत खेळाडूंकडून पैसे घेऊन बक्षीस देण्याची सोय ठेवणे आता कायद्याच्या कक्षेत येते, मग ती कोणत्याही भाषेत लिहिलेली असो.

मराठी मजकूर आणि देवनागरी

मराठी खेळ करणाऱ्यास भाषेच्या निवडीत एक निकष अधिक लागतो. देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या योग्य जागी बसवण्यासाठी अक्षरांची मांडणी करणारी वेगळी यंत्रणा लागते. ब्राउझरमध्ये ती मुळातच असल्याने जावास्क्रिप्टमधील खेळात ‘प्रतिस्पर्धी’ हा शब्द बरोबर दिसतो. गोडोत ही सोय मार्च २०२३ च्या ४.० आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत, तसेच इतर काही इंजिनांच्या जुन्या मजकूर-घटकांत, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसतात. चित्ररूप टंक वापरल्यास हीच अडचण कोणत्याही भाषेत येते.

खेळाडूचे नाव साठवतानाही फरक पडतो. ‘रत्नागिरी’ या शब्दात वाचणाऱ्यास चार अक्षरे दिसतात. जावास्क्रिप्ट आणि पायथन त्याची लांबी ९ सांगतात, कारण हलन्त व मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. गो आणि रस्ट या सर्व्हरसाठी वापरल्या जाणाऱ्या भाषांत मजकुराची मूलभूत लांबी बाइटमध्ये असल्याने तोच शब्द २७ भरतो. नावासाठी दहा बाइटांची मर्यादा घातलेल्या खेळात इंग्रजी नाव सुखाने बसते, तर ‘रत्नागिरी’तील ‘रत्न’ हा शब्दही पुरा मावत नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत (२००८) आणि जावास्क्रिप्टमध्ये चलांची नावेही देवनागरीत देता येतात, त्यामुळे ‘गुण’ किंवा ‘सोंगटी’ असे चल लिहून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पहिले धडे देता येतात. भाषेच्या मूळ आज्ञा मात्र इंग्रजीतच राहतात.